प्रवेशपत्रिकेची हुंडी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर धान्य, कापड, किराणा, सराफी अशा जुन्या धंद्यांवर लेख येत आले. यंदा एका निराळ्या मालाविषयी लिहावे असे आम्ही योजिले आहे. नाटक, गायनाची मैफल, क्रिकेटचा सामना, प्रदर्शन अशा प्रत्यक्ष कार्यक्रमांची तिकिटे विकणे आणि त्यांच्या जोडीने टोप्या, सदरे, पुस्तिका, खेळणी आदी वस्तूंची विक्री करणे, हा तो व्यापार होय. जन्मभर उस्मानगंजात तूर आणि ज्वारी तोलणाऱ्या माणसाने या विषयास हात का घालावा, अशी शंका कोणी घेतल्यास ती रास्तच आहे. परंतु आपल्या सभासदांच्या घरांतील तरुण मंडळी आता संगीत-रजनीची कंत्राटे घेऊ लागली आहेत, आणि त्यांत गुंतणारे भांडवल बापजाद्यांच्या पेढीतूनच जाते. तेव्हा वडीलधाऱ्यांनी या धंद्याची प्रकृती समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

आमच्या मते या धंद्यातील बहुतेक अनर्थ एकाच गैरसमजातून उद्भवतात. तिकीट हा माल आहे, असे विकणारा समजतो. वास्तविक तिकीट ही हुंडी आहे. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी ही चिठ्ठी दाखविणाऱ्यास एक आसन व एक कार्यक्रम देऊ, असे ते वचन आहे. गव्हाचे पोते विकले की गिऱ्हाईक पोते घेऊन जाते आणि व्यवहार पुरा होतो. तिकीट विकले की व्यवहार तेथे सुरू होतो. पैसा हाती आला तरी तो अद्याप आपला झालेला नसतो. पडदा पडेपर्यंत तो जनतेचा आपल्याकडील ठेवा असतो. हे ज्याच्या ध्यानी आले त्याने निम्मा धंदा शिकला.

जुन्या पेढ्यांवर ज्यांनी उमेदवारी केली त्यांना हुंडीचे प्रकार आठवतील. नव्या पिढीकरिता थोडे सांगतो, कारण तिकिटाचे सर्व प्रश्न आपल्या पूर्वजांनी हुंडीच्या रूपाने कधीच सोडवून ठेवले आहेत. ज्याच्या हाती असेल त्या धन्यास रक्कम मिळावी ती धनीजोग हुंडी. खिडकीवर मिळणारे बिननावाचे तिकीट हे त्याच जातीचे. ठरावीक नावाच्या माणसासच रक्कम द्यावयाची ती नामजोग. हल्ली काही मोठ्या कार्यक्रमांत तिकिटावर नाव घालून दाराशी ओळखपत्र पाहतात, ती नामजोग हुंडीच झाली. शाहजोग हुंडी ही प्रतिष्ठित, ओळखीच्या सावकाराकरवीच वटे. रक्कम देणाऱ्याने आणणारा कोण याची चौकशी करावी असा तिचा दंडक होता. मूळ हुंडी गहाळ झाल्यास तिच्याऐवजी पैठ लिहून देत, तीही हरवल्यास परपैठ. तिकीट हरविलेल्या प्रेक्षकास दाराबाहेर हाकलणाऱ्या आयोजकाने हा शब्द ऐकलेला नसतो! रक्कम चुकती होऊन निकामी झालेल्या हुंडीस खोका म्हणत. दारावरचा माणूस तिकिटाचा तुकडा फाडून ठेवतो अथवा यंत्राने त्यावरील खूण वाचून घेतो, तेव्हा तो हुंडीचा खोकाच करीत असतो. हे काम ढिले झाले की एकाच चिठ्ठीवर दोघे जण आत शिरतात. आणि माल सुखरूप पोहोचला तरच रक्कम देय होणारी ती जोखमी हुंडी. कार्यक्रम रद्द झाल्यास पैसे कोणी व किती परत करावयाचे, हा प्रश्न तिच्याच घराण्यातला आहे.

मराठी रंगभूमीचा इतिहास पाहता तिकिटाचा जन्म आश्रयदात्याच्या अभावातून झालेला दिसतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. प्रेक्षक पाहुणे होते. पैसा दरबारचा होता. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. एका राजाचे काम त्या दिवसापासून शेकडो लहान राजे करू लागले, प्रत्येक जण आपल्या कुवतीनुसार. पुढे संगीत नाटक मंडळ्यांनी हा धंदा बांधेसूद केला. पुढच्या खुर्च्या एका दराने, मागच्या दुसऱ्याने, माडीवरच्या तिसऱ्याने. खिडकीवर आसनांचा नकाशा, ज्यास नाटकवाले आजही ‘प्लॅन’ म्हणतात. आणि नाट्यपदांच्या छापील पुस्तिका. ही पदांची पुस्तिका म्हणजे आपल्याकडील कार्यक्रमासोबतच्या विक्रीचा मूळ नमुनाच. प्रेक्षक नाटक ऐकून घरी जाई आणि पुस्तिकेतून तीच पदे गुणगुणे. पुढच्या खेळाची जाहिरात फुकट होई.

तिकिटाचा दर चढा असणे हे स्वतः पाप नव्हे, हेही याच इतिहासात दिसते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. दर नेहमीहून बरेच चढे होते, तरी लोकांनी ते आनंदाने मोजले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास जावयाचे होते आणि ते सर्वांस ठाऊक होते. पैसा कोठे जाणार हे उघड सांगितले म्हणजे गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही, हा अनुभव आपणा धान्यवाल्यांसही आहे.

आता आपल्या हैदराबादकडे वळू. तिकीट लावून गर्दी जमविणे व त्या गर्दीस माल विकणे, या दोन्ही गोष्टींचा येथील सर्वांत मोठा नमुना म्हणजे नुमाइश. १९३८ साली बाग-ए-आम येथे ती प्रथम भरली. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांची ही कल्पना. उद्घाटन सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी केले. आरंभीचे भांडवल अवघे अडीच रुपये होते असे सांगितले जाते. जागा अपुरी पडू लागली तेव्हा १९४६ मध्ये ती नामपल्लीच्या आजच्या मैदानावर आली. साधारण जानेवारीच्या आरंभापासून ४६ दिवस ती चालते. काश्मिरी शाली, लखनवी चिकन, सुकामेवा, लाकडी खेळणी, भांडीकुंडी असे काय तेथे मिळत नाही? २०२५ साली प्रवेशाचे तिकीट ५० रुपये होते.

या नुमाइशीचे गणित व्यापाऱ्याने नीट पाहण्यासारखे आहे. येथे आसन नाही, म्हणून एका माणसाने दुसऱ्याची जागा अडविली असे होत नाही. दिवस पुष्कळ आहेत, म्हणून आज गर्दी असेल तर गिऱ्हाईक परवा येते. दर हलका आहे, म्हणून काळा बाजार करणाऱ्यास त्यात पोट भरण्याइतके काही उरत नाही. तिकिटाचे उत्पन्न आणि दुकानांचे भाडे असे दोन झरे आहेत. एक आटला तरी दुसरा वाहतो. शिवाय शिल्लक कोठे जाते हे शहरास ठाऊक आहे: प्रदर्शन संस्था सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय, कमला नेहरू पॉलिटेक्निक यांसारख्या अनेक शिक्षणसंस्था चालविते. आपल्या ओळखीच्या कित्येक घरांतील लेकीसुना तेथे शिकल्या आहेत.

तरीही जोखीम नाही असे नव्हे. ३० जानेवारी २०१९ च्या रात्री नुमाइशीत आग लागून शेकडो दुकानांचा माल भस्मसात झाला. करोनाच्या साथीत १ जानेवारी २०२२ रोजी उघडलेली नुमाइश दुसऱ्याच दिवशी बंद करावी लागली आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा उघडली. परगावाहून माल आणलेल्या दुकानदाराने मधले दिवस कसे काढले असतील याची कल्पना करावी. म्हणून आमचे सांगणे असे की, प्रदर्शनात गाळा घेणाऱ्याने भाड्याच्या करारात कार्यक्रम थांबल्यास भाड्याचे काय, हे कलम आधी वाचावे आणि मालाचा विमा गाळ्याच्या पत्त्यावर उतरवावा. दुकानाच्या पत्त्यावरील विमा मैदानात जळालेल्या मालास बहुधा लागू पडत नाही.

एका संध्याकाळचा, मोजक्या आसनांचा कार्यक्रम मात्र नुमाइशीच्या अगदी उलट प्रकृतीचा असतो. २५ सप्टेंबर २०२२ रोजी उप्पलच्या क्रीडांगणावर भारत व ऑस्ट्रेलिया यांचा वीस षटकांचा सामना होता. करोनानंतर शहरातील हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. तिकिटे केव्हा व कोठे मिळणार याविषयी आधीचे काही दिवस संभ्रम होता. २२ तारखेस सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर खिडकी उघडणार असे कळताच हजारो लोक पहाटेपासून जमले. दार उघडताच रेटारेटी झाली, पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि अनेक जण, त्यांत स्त्रियाही, जखमी होऊन रुग्णालयात गेले.

पेढीचा अनुभव असलेल्या माणसास यात नवल वाटणार नाही. एखादी पेढी डबघाईस आली अशी नुसती कुजबुज झाली तरी ठेवीदार दाराशी जमतात. त्यांना चिंता असते ती एकच: आपली पाळी येईपर्यंत तिजोरीत काही उरेल काय? जिमखान्यावरील रांगेतील प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न होता. अशा वेळी शहाणा पेढीवाला काय करी? तिजोरीत किती आहे हे तो उघड सांगे आणि आलेल्यास क्रमांकाची चिठ्ठी देई. पाचशे तिकिटे शिल्लक असतील तर पाचशे एकाव्या माणसास पहाटेच सांगावे की बाबा, तू घरी जा. तो चार शिव्या देईल, पण घरी जाईल. न सांगितल्यास तो धक्का मारील. शिलकेचा आकडा लपविणे हे तिकीटविक्रीतील सर्वांत मोठे पातक आहे, कारण त्याची किंमत रुपयांत न मोजता माणसांच्या हाडांत मोजावी लागते. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूस चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण मृत्यू पावले. तेथे तर तिकीट विकावयाचेच नव्हते. प्रवेश विनामूल्य होता, आणि पास कोणास व कसे मिळणार याचा घोळ होता. ज्या कार्यक्रमास दर नाही त्यासही मोजणी हवीच, किंबहुना अधिक हवी. आपल्या समाजाचे महाप्रसाद व मिरवणुका भरविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

काळ्या बाजाराचा विषय आता टाळता येत नाही. कोल्डप्ले या इंग्लिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईस झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री उघडली त्या दिवशी एक कोटीहून अधिक लोक संगणकावर रांगेत होते. मूळ दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. पुढे तीच तिकिटे लाखांच्या भाषेत विकावयास निघाली. यावर आपल्यातील काही तरुण म्हणतात, “काका, मागणी तेथे भाव, यात वाईट काय? तुम्ही तूर धरून ठेवता तेव्हा हेच करता.”

हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. धान्यवाल्यास साठेबाज म्हणण्याची देशास जुनी सवय आहे, आणि १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली झडत्या सोसलेल्या पेढ्या आपल्यात आहेत. पण दोहोंत अंतर आहे. सुगीत सर्वांचा माल एकदम बाजारात येतो, तेव्हा कोणी तरी घेऊन ठेवला नाही तर शेतकरी बुडतो. घेऊन ठेवणारा गोदामाचे भाडे, कीड, घट, व्याज आणि भाव पडण्याची धास्ती सोसतो आणि पावसाळ्यात तोच माल गिऱ्हाइकास पुरवितो. तिकिटांचा दलाल यांपैकी काय करतो? तो आसन एकानेही वाढवीत नाही, दिवस एकानेही लांबवीत नाही. हपापल्या माणसाच्या आणि खिडकीच्या मध्ये तो उभा राहतो, एवढाच त्याचा उद्योग. आणि कलावंताने चाहत्यांसाठी सोडलेली सवलत त्याच्या खिशात जाते. आयर्लंडने २०२१ साली कायदा करून मोठ्या स्थळांवरील कार्यक्रमांचे तिकीट छापील दराहून अधिक किमतीस पुन्हा विकणे बंद केले. ज्यास जाणे जमत नाही त्याने आपले तिकीट मूळ दरास दुसऱ्यास द्यावे, यास कोणाची हरकत नसावी. आयोजकाने स्वतःच परतीची खिडकी ठेवली तर दलालाचे निम्मे बळ जाते.

काही आयोजक मात्र स्वतःच हुंडी दोनदा लिहितात. काही वर्षांपूर्वी शहरातील एका संगीत-रजनीस आम्ही सहकुटुंब गेलो, तो आमच्या क्रमांकाच्या खुर्च्यांवर दुसरे कुटुंब त्याच क्रमांकाची तिकिटे घेऊन बसलेले. आयोजकाच्या माणसाने आम्हांस प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागे मांडून दिल्या आणि वर म्हणाला, “सेठजी, ॲडजस्ट करो.” त्या गृहस्थाने दोनशे रुपये अधिक मिळविले असतील, आमच्या ओळखीच्या वीस घरांनी त्याचे पुढचे कार्यक्रम सोडले.

मोफत पास हा याहून सभ्य दिसणारा रोग. याचे गणित मांडून दाखवितो. समजा सभागृहाची आसने १,००० आहेत, कार्यक्रमाचा एकूण खर्च ४ लाख रुपये, आणि तिकीट ५०० रुपये. ८०० तिकिटे विकली म्हणजे खर्च निघतो. शंभरास ऐंशी, साधण्याजोगे आहे. आता १५० पास अधिकारी, देणगीदार, व्याही-विहिणी यांना वाटले. विकावयास राहिली ८५०, आणि खर्च भरून काढण्यास त्यांतील ८०० विकणे आले. म्हणजे शंभरास चौऱ्याण्णव. चांगला चालणारा कार्यक्रम एका आठवड्यात बुडीत खात्याच्या काठावर येतो. शिवाय फुकट्या पाहुणा पुष्कळदा येतच नाही. पुढच्या दोन ओळी रिकाम्या आणि मागे लोक उभे, हा देखावा आपण सर्वांनी पाहिला आहे. ही खेच किती वर जाते हे मार्च २०२५ मध्ये दिसले, जेव्हा सनरायझर्स हैदराबाद संघाने मोफत पासांसाठी दबाव येतो अशी तक्रार हैदराबाद क्रिकेट संघटनेविरुद्ध केली आणि राज्य सरकारला चौकशी लावावी लागली. आमची सूचना अशी: पासांची संख्या पहिल्याच सभेत ठरवावी, कार्यवृत्तात लिहावी, आणि प्रत्येक पास तिकिटाच्या पूर्ण दराने देणगी-खर्चात नावे टाकावा. आकडा वहीत दिसू लागला की हात आपोआप आखडतो.

करासंबंधी एक गोष्ट. नाटक, गायन, नृत्य यांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटास वस्तू व सेवा कर माफ आहे. त्यावरील तिकिटास शेकडा १८ पडतो, आणि तो संपूर्ण रकमेवर. परिणामी ६०० रुपयांचे तिकीट करासह विकले तर विकणाऱ्याच्या हाती सुमारे ५०८ रुपये राहतात. प्रेक्षकाच्या खिशातून शंभर रुपये अधिक गेले, आपल्याला आठ मिळाले. ५०० व ६०० यांच्या मधला दर ठेवण्यात काहीच हशील नाही. एक तर ५०० वर थांबावे, नाही तर बरेच वर जावे. आयपीएलच्या सामन्यांस तर सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० कर आहे.

आता वस्तूंच्या विक्रीविषयी. उप्पलच्या बाहेर सामन्याच्या दिवशी नारिंगी सदरे, टोप्या, झेंडे यांचे ढीग लागतात. त्यांतील पुष्कळ माल संघाच्या परवानगीविना छापलेला असतो. संघाचे नाव व चिन्ह ही नोंदणी केलेली मालमत्ता आहे. ती विनापरवाना छापणे म्हणजे दुसऱ्याच्या पेढीचा शिक्का आपल्या पोत्यावर मारणे. आपल्यातील होजियरीच्या व्यापाऱ्यांनी परवाना घेऊनच या कामात उतरावे. नफा थोडा, झोप पुरी.

या मालाचे आयुष्य तिकिटाइतकेच अल्प असते. सामना हरला की झेंड्याचा भाव रात्री नऊनंतर चौथाईवर येतो. संक्रांत उलटल्यावर तिळगुळाचे जे होते तेच. त्यामुळे छापणाऱ्याशी शक्य तर ‘उरले ते परत’ या बोलीने व्यवहार करावा, दर दोन पैसे चढा पडला तरी. सदऱ्यांची मापे निवडताना घाई नको. मधली मापे आधी संपतात आणि टोकाची उरतात. स्थळाचा मालक विक्रीवर किती टक्के घेणार हे लेखी ठरवावे, कारण पुष्कळांचा नफा त्या टक्केवारीतच विरघळतो. आणि मालावर शक्यतो साल छापू नये. साल छापलेला सदरा पुढच्या वर्षी पुसण्याच्या फडक्याच्या भावाने जातो. नुसते नाव छापलेला पुन्हा मांडता येतो.

यास अपवाद एक, तो म्हणजे स्मरणिका. तिच्यावर साल हवेच, आणि तिचा खर्च छपाईपूर्वीच जाहिरातींतून निघालेला असतो. कार्यक्रमासोबतच्या सर्व वस्तूंत हा लाभ फक्त हिलाच आहे. यंदाच्या जाहिरातींपैकी ज्यांची रक्कम अद्याप येणे आहे त्यांची यादी चिटणिसांकडे आहे.